दुसऱ्या नंबरचा शेला

सिनेमाच्या बक्षीससमारंभात विजेत्याचं नाव बंद पाकिटातून निघतं, हे टीव्हीच्या कृपेनं आता लहान मुलांनाही माहीत आहे. आमच्या साकोलीत ते कापडातून निघायचं. निवेदक माइकसमोर उभा राहायचा, मी शेल्याची घडी मोडून पदर लोकांसमोर धरायचो आणि पदरावर विणलेलं दिग्दर्शकाचं नाव तो मोठ्यानं वाचायचा. मग टाळ्या. सतरा वर्षं मी हे काम केलं. मी जातीचा आणि धंद्याचा विणकर, भंडाऱ्यात माझा माग. दिग्दर्शन म्हणजे नेमकं काय करतात हे मला आजही धड सांगता येणार नाही, पण मराठी दिग्दर्शकांच्या खांद्यांची मापं माझ्याइतकी कोणाला ठाऊक असतील असं वाटत नाही.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा कागदावर रेघ पडली तशी माणसांतही पडली. नाटकवाले तिकडे किती गेले, इकडे किती उरले, यावर साकोलीच्या चहाच्या टपऱ्यांवर वाद चालायचे. त्या वादातूनच काही हौशी लोकांनी मंडळ काढलं आणि ठरवलं, की सिनेमा-टीव्हीच्या दिग्दर्शकांचा दरवर्षी सोहळा करायचा. नटनट्यांना हार सगळेच घालतात, दिग्दर्शकाला कोणी ओळखतसुद्धा नाही, असं त्यांचं म्हणणं. निवड समितीचे प्रमुख होते लाखनीचे एक निवृत्त मुख्याध्यापक. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचो. सिनेमाचं वेड असं, की पेन्शन घ्यायला नागपूरला गेले तरी एक खेळ बघूनच परतायचे.

गुरुजी पहिल्या वर्षी माझ्या घरी आले, मागाजवळ मांडी घालून बसले आणि म्हणाले, "ट्रॉफी कोनीबी बनवते. आपल्या जिल्ह्यात जे बनते थेच देऊ. कोशाचा शेला पाह्यजे, करवतकाठी. अन् नाव त्याच्यातच इना." पाकिटाऐवजी पदर, ही कल्पना त्यांचीच. जाताना त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. नावं दोन महिने आधी मला कळणार, ती सोहळ्याच्या दिवसापर्यंत माझ्या तोंडून बाहेर पडता कामा नयेत. मी हो म्हणालो. आणि पाळलंही. त्या काळात माझ्या सख्ख्या भावाने, मेहुण्याने, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाना तऱ्हांनी विचारून पाहिलं. एका वृत्तपत्रवाल्याने तर धाग्याचा भाव विचारायच्या निमित्ताने येऊन मागाखाली डोकावून पाहिलं होतं.

आता धंद्याचं थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कोसा म्हणजे आमच्या जंगलात ऐनाच्या झाडावर होणारं रेशीम. रंग मधासारखा, वेगळा रंगवायची गरज नाही. करवतकाठी म्हणजे ज्याच्या काठाला करवतीसारखे दाते असतात. हे दाते भरतकाम करून किंवा छापून येत नाहीत. मधल्या कापडाचा आडवा धागा नेणारा एक धोटा आणि दोन काठांचे दोन, असे तीन धोटे चालतात आणि जिथे काठाचा धागा मधल्या धाग्याला भेटतो तिथे दोघांची कडी अडकते. त्या कड्यांचे दाते होतात. हे एका माणसाला जमत नाही. एक जण उजवीकडे बसतो, एक डावीकडे, आणि दोघांचे हात एका लयीत चालावे लागतात. एकाने घाई केली की दाता वाकडा. माझ्या डावीकडे लग्नापासून गिरजा बसते. गिरजा माझी बायको. चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे पदरावर कोणाचं नाव चढतंय हे तिलाही वाचता येत होतं. गंमत अशी, की गुरुजींनी वचन घेतलं ते फक्त माझ्याकडून. ती समोर बसून धाग्याच्या कांड्या भरत होती, पण तिला कोणी विचारलं नाही. मंडळाच्या लेखी मागावर मी एकटाच बसत होतो.

आणखी एक गोष्ट. पाच दिग्दर्शकांचे पाच शेले आम्ही वेगवेगळे लावत नव्हतो. मागावर एकच लांब ताणा, म्हणजे उभे धागे, चढायचा आणि पाचही शेले एकामागून एक त्याच्यावर विणले जायचे. एकेका शेल्याला आठ-आठ दिवस. विणून झालेलं कापड पोटाजवळच्या लाकडी तुरीवर गुंडाळत जायचं. म्हणजे चौथा शेला विणायला घेतला, की पहिले तीन गुंडाळीत आत गेलेले. ते आता ताणा संपल्यावरच दिसणार.

मी फक्त नाव विणत नसे. गुरुजी प्रत्येकाच्या सिनेमाची सीडी पाठवायचे. आम्ही दोघं दुपारी जेवणं झाली की ती बघायचो आणि त्यातली एखादी गोष्ट उचलून नावाखाली बुट्टी म्हणून काढायचो. या निमित्ताने आयुष्यात सिनेमाच्या वाटेला न गेलेला मी माणूस भलताच जाणकार झालो. जाणकार म्हणजे कापडाचा. एका ऐतिहासिक मालिकेत राणीसाहेब सती जायला निघाल्या होत्या, गिरजाच्या डोळ्यांत पाणी, आणि मला दिसत होतं ते राणीसाहेबांचं नायलॉन. "हे तं पेटाच्या आधीच वितळन," असं मी म्हणालो, त्यावर गिरजा दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

दिग्दर्शक मंडळी तऱ्हेतऱ्हेची. एकाने स्टेजवरच मला विचारलं, की या एका शेल्यासाठी किती किडे मारले. मी म्हटलं, साहेब, मोजले नाहीत, पण तुमच्या सिनेमात जेवढी माणसं मेली त्याच्यापेक्षा कमीच असतील. सभागृह हसलं, तोही हसला, आणि शेला काही त्याने परत केला नाही. दुसऱ्या एका बाईंनी शेला अंगावर घेण्याआधी उलटा करून पाहिला. उलटी बाजू तपासणारं माणूस म्हणजे कापडातलं कळणारं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, तेवढ्यावर माझं वर्ष निघालं. आणि एक होते आमच्याच भागातले म्हातारे. आयुष्य नाटकात गेलं, उतारवयात व्हिडिओवर सिनेमे काढायला लागले होते. नाव ऐकल्यावर त्यांना रडू कोसळलं. त्यांनी शेल्याने डोळे पुसले, मग त्याच शेल्याने नाकही पुसलं. गिरजाने कपाळावर हात मारला. माझ्या शेल्याचा एवढा मान कोणी केला नाही, असं माझं मत आहे.

हे सगळं सांगताना ऊर भरून येतो हे खरं, पण ज्या वर्षाबद्दल लिहायला बसलोय त्या वर्षी मी काही ऊर भरून यावा असं वागलो नव्हतो. तेही इथेच लिहून टाकतो.

त्या वर्षी गुरुजींनी यादी आणली, तेव्हा दुसऱ्या नंबरच्या नावावर बोट ठेवलं. दुसरा नंबर म्हणजे टीव्हीच्या दिग्दर्शकाचा. नाव होतं वैशाली, राहणार एकोडी. एकोडी साकोली तालुक्यातलंच, सगळं गाव धानाचं. या पोरीने नागपुरात कोणाकोणाच्या हाताखाली कामं करून एक तासाची टीव्हीफिल्म केली होती आणि ती एका वाहिनीवर लागलीही होती. गुरुजी म्हणाले, "बापानं तिले या वर्षापर्यंतच मुदत देल्ली आहे. याच्यानंतर हे धंदे बंद, अन् घरी येऊन लग्नाले उभं राहायचं. बक्षीस चांगल्या कामाले देल्लं, तिच्या घराकडं पाहून नाही. पण तिच्या घरी फरक पडन."

फिल्म आम्ही पाहिली. एका दिवसाचा रोवणा, बस. धानाचं रोप बांधीतल्या, म्हणजे बांध घातलेल्या शेतातल्या, चिखलात लावतात त्याला आमच्याकडे रोवणा म्हणतात. अकरा बाया एका बांधीत उतरतात आणि संध्याकाळी बाहेर येतात. मधल्या वेळात त्या बोलतात. कोणाचा नवरा, कोणाची सासू, कोणाच्या पोरीचा दहावीचा निकाल. सगळ्या एकोडीच्याच बाया, नट्या कोणी नाही. लुगडी खरी, चिखल खरा. मी पहिल्यांदाच कपड्याला नाव न ठेवता एक अख्खा सिनेमा पाहिला. गिरजा तिच्या माहेरी रोवण्याला जायची, तिने कांडी भरायची थांबवली होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "हे पोट्टी वाकलेली आहे बांधीत. वाकल्याबिगर असं दिसत नाही."

तिच्या पदरावर आम्ही रोपांच्या ओळी काढल्या. बारीक काम. एकेका रोपाला तीनच धागे, पण सगळी एका बाजूला किंचित झुकलेली. दहा दिवस लागले. गिरजाने तर एक ओळ पसंत पडली नाही म्हणून उकलायला लावली.

त्या वर्षी ताणा आम्ही नेहमीपेक्षा एका शेल्याने लांब घेतला होता. सहावा शेला गिरजाचा. इतकी वर्षं लोकांच्या खांद्यांवर कोसा चढवला, स्वतःच्या अंगावर करवतकाठी कधी आली नाही, असं ती म्हणाली होती आणि मी लगेच हो म्हणालो होतो.

चौथा शेला मागावर असताना मंडळाचे सचिव मोटारसायकलवर साकोलीहून आले. नाव सांगत नाही. माणूस वाईट नव्हता, सोहळा मोठा करायची हौस फार. त्यांनी सांगितलं, की मुंबईचे एक फार मोठे मालिका-दिग्दर्शक यायला तयार झाले आहेत. त्यांची मालिका घराघरांत चालते. ते आले तर वाहिन्यांचे कॅमेरे येतील. आता एवढा माणूस येणार तर त्याला नुसता पाहुणा म्हणून कसं बसवायचं. "दोन नंबरचं नाव बदलवा," ते म्हणाले.

मी त्यांना तूर दाखवली. म्हटलं, दोन नंबर आत गेला. त्याच्यावर तिसरा बसला आणि आता चौथा. बाहेर काढायचा तर ताणा कापावा लागेल. हजारो धागे पुन्हा जोडावे लागतील, एकही शेला वेळेवर मिळणार नाही.

सचिवांना वाटलं होतं, नाव पुसता येतं. मग त्यांनी ताण्याची मागे उरलेली गुंडाळी पाहिली.

"हे कायले आहे मंग एवढं?"

मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण धंद्यातला माणूस विचारल्यावर खरं बोलून जातो. मी म्हणालो, एक जास्तीचा निघतो त्याच्यात.

"झालं तं मंग. सहावा त्यायच्या नावाचा करा. दुसरा ठेवा घरी. अन् भाऊ, कोनाले बोलू नका. तुमचं वचन आहे मंडळाले."

"गुरुजीले माहीत आहे का हे?" मी विचारलं.

"गुरुजीचं मी पाहून घेतो," ते म्हणाले आणि मोटारसायकल चालू केली.

मी हो म्हणालो. का म्हणालो याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. मंडळाचा माणूस होता, वचनाची आठवण देत होता, आणि तोवर मी मंडळाला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. सवय झाली होती मला हो म्हणायची. गिरजा डाव्या बाजूला बसूनच होती. सचिव गेल्यावर तिने धोटा खाली ठेवला.

"माहा शेला त्या मुंबईवाल्याले?"

"तुले पुढच्या ताण्यावर करू."

"माह्या शेल्याचं जाऊ द्या जी. त्या पोट्टीचं काय?"

मी म्हणालो, ते मंडळ बघेल. ती म्हणाली, "गुरुजीले सांगा." मी म्हणालो, वचन आहे. ती म्हणाली, "नाव सांगाचं नाही असं वचन होतं. गुरुजीनंच देल्लं नाव गुरुजीले सांगाले कोनतं वचन आडवं येते?" तिचं खरं होतं, म्हणून मी चिडलो.

सहावा शेला आम्ही विणला. मुंबईच्या साहेबांच्या मालिकेचे दहा भाग बघितले, त्यात एकच गोष्ट सारखी घडत होती. दार उघडायचं, कोणीतरी आत यायचं, आणि घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीन वेळा दाखवायचे. म्हणून मी पदरावर दार काढलं. जाड धाग्यांचं, ठसठशीत. गिरजाने आपल्या बाजूचं काम चोख केलं, एक दाता वाकडा जाऊ दिला नाही. फक्त बोलत नव्हती.

ताणा संपला, कापड कापलं, सहा शेले वेगळे झाले. प्रत्येक शेल्याला पांढऱ्या मांजरपाटाची खोळ असायची आणि खोळीवर लाल दोऱ्याने नंबर. दोन नंबरच्या खोळीत मी दाराचा शेला घातला. रोपांचा शेला कपाटात ठेवला.

सोहळा दुपारचा असायचा, म्हणजे लांबच्या लोकांना संध्याकाळच्या बस मिळतात. आम्ही दोघं सकाळी साकोलीच्या बसमध्ये बसलो. खोळी माझ्या मांडीवर, गिरजाच्या मांडीवर तिची कापडी पिशवी. लाखनी आलं तेव्हा गिरजा म्हणाली, "उतरा. गुरुजी घरीच असतीन अजून." बस थांबली. दोन बाया उतरल्या, एक म्हातारा चढला. मी जागचा हललो नाही. कंडक्टरने घंटी मारली. साकोली येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो आणि मला दिसत काहीच नव्हतं.

साकोलीचं सभागृह भरलेलं होतं. कॅमेरे खरोखरच आले होते. मुंबईचे पाहुणे पहिल्या रांगेत मधोमध बसले होते आणि दोन खुर्च्या सोडून त्याच रांगेत गिरजा. गुरुजी स्टेजवर, निवड समितीच्या खुर्चीत. मागच्या बाजूला, खांबाजवळ, वैशाली. मी तिला फिल्मच्या शेवटी एकदाच पाहिलं होतं, पण ओळखलं. शेजारी धोतर-टोपीतला माणूस, तिचा बाप असणार. मंडळाने सगळ्याच स्पर्धकांना बोलावलं होतं, त्यात तीही आली होती.

पहिला शेला झाला. टाळ्या पडल्या. मग निवेदकाने दुसऱ्या नंबरची प्रस्तावना सुरू केली. घराघरांत पोचलेली, मनामनांत बसलेली वगैरे. पाहुण्यांनी कोटाचं बटण लावलं. मी खोळीत हात घातला.

विणकराला कापड डोळ्यांआधी बोटांना कळतं. दाराची बुट्टी जाड होती. माझ्या बोटांखाली बारीक रोपं आली, ओळीने, एका बाजूला झुकलेली.

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. गिरजा सरळ माझ्याकडेच बघत होती. पिशवी मांडीवर, पिशवीचं तोंड उघडं, आणि त्यातून दाराच्या शेल्याचा काठ दिसत होता. मी मान हलवली असती तर ती उठून आली असती आणि शेला बदलून दिला असता, याबद्दल मला आजही शंका नाही. तिने माझ्यावर काही लादलं नव्हतं. घरी खोळीतला शेला बदलला आणि पुढचं माझ्या हातात ठेवलं.

मी शूर होतो असं म्हणणार नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो खोळ बंद करण्याचा. सचिव बाजूला उभे होते, कॅमेऱ्याचा दिवा तोंडावर होता. पण बोटं रोपांवर होती आणि ती काही मागे घेववेनात. ती ओळ गिरजाने उकलून परत विणायला लावली होती. मी घडी मोडली आणि पदर लोकांसमोर धरला.

निवेदकाने पदराकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. त्या वर्षी प्रस्तावना सचिवांनी लिहून दिली होती, तिच्यात एक नाव, कापडावर दुसरं. सचिव पुढे झाले, माइकवर हात ठेवून त्याच्या कानात काहीतरी बोलले. मग निवेदक घसा खाकरून म्हणाला, "क्षमा करा. विणकरांच्या हातून थोडी चूक झालेली आहे. आपण—"

इतक्या वर्षांत त्या स्टेजवरून माझ्या कामाला चूक हा शब्द कोणी लावला नव्हता. मी तिथे इतकी वर्षं नुसता पदर धरूनच उभा राहिलो होतो, मंडळाविरुद्ध बोलायची पाळी कधी आलीच नव्हती.

गिरजा उठली. पायऱ्या चढून वर आली, पिशवी तशीच काखेत. तिला स्टेजवर पाहून लोकांना वाटलं, कोणी सत्काराला आलं असेल, काहींनी टाळ्याही वाजवल्या. ती माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि पदराचं दुसरं टोक तिने हातात घेतलं. निवेदकाला म्हणाली, "माइक इकडं करा जी." त्याने केला.

"चूक नाही," ती म्हणाली. "हा शेला दोघांनी इनला आहे. अर्धा यायनं, अर्धा म्या. त्यायनं वचन देल्लं असन, मले कोनी मांगतलंच नाही. जे नाव समितीनं देल्लं थे आमी इनलं. आता मी वाचतो."

आणि तिने वाचलं. चौथी पास बाईचं वाचन, बोट लावून, एकेक अक्षर सुटं. वैशालीचं पूर्ण नाव, तिच्या बापाच्या नावासकट, आणि खाली मुक्काम एकोडी. तिने नाव संपवलं आणि गुरुजींकडे वळली. "गुरुजी, हेच होतं ना?"

गुरुजी काठी टेकत उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला लगेच कळलं, की सचिवांनी त्यांचं काहीच 'पाहून घेतलं' नव्हतं. त्यांना आत्ता समजत होतं. ते सचिवांकडे पाहत राहिले, इतका वेळ की सचिवांनी मान खाली घातली. मग गुरुजी माइकविनाच बोलले, मास्तराच्या आवाजात, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "हेच होतं. समितीचं एकमतानं हेच नाव होतं. दुसरं कोनतंच नाही."

सभागृह उठलं. मी इतक्या वर्षांत तिथे टाळ्या पुष्कळ ऐकल्या, पण अशा नाही. एकोडीची मंडळी मागे होती, त्यांनी शिट्ट्या मारल्या. रोवण्यातल्या बायांपैकी चार-पाच जणी आल्या होत्या, त्या खुर्च्यांवर चढल्या. पाहुण्यांबद्दल मला धास्ती होती. पण तो माणूस मोठा निघाला. उभा राहून तोही टाळ्या वाजवत होता. नंतर गिरजाने पिशवीतून दाराचा शेला काढून त्यांच्या खांद्यावर घातला. "तुमी पाहुने," ती म्हणाली, "पाहुन्याचा मान येगळा." त्यांनी पदरावरचं दार पाहिलं, थोडा विचार केला, आणि इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सचिव माझ्याशी पुढे बरेच महिने बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षीची यादी गुरुजींनी स्वतः आणली आणि मागाजवळ बसल्यावर आधी गिरजाकडून वचन घेतलं, मग माझ्याकडून.

त्या दिवशी वैशालीला स्टेजवर यायला वेळ लागला. तिला काही सांगितलेलंच नव्हतं. ती नुसती बसायला आली होती, त्यामुळे पहिल्यांदा ती खांबाला धरून उभी राहिली आणि बायांनी ढकलत ढकलत तिला पुढे आणलं. शेला आम्ही दोघांनी मिळून घातला. मग मागून तो धोतर-टोपीतला माणूस रांगांमधून चालत आला. लोकांनी वाट दिली. तो स्टेजखाली उभा राहिला, तिला खाली वाकायला सांगितलं आणि पदर हातात धरला. मी जवळच होतो. त्याने बोट फिरवत रोपांच्या ओळी पाहिल्या, शेतकरी बांधावरून बघतो तशा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"म्या पाह्यलं तुहं पिक्चर," तो म्हणाला. "सरपंचाच्या घरी जाऊन पाह्यलं. तुले सांगतलं नाही."

वैशाली आणखी खाली वाकली.

"बांधीत पानी कमी होतं. रोवण्याले एवढं कमी चालत नाही," बाप म्हणाला. "पुढच्या पिक्चराच्या वक्ती आधी सांगजो. मी पानी सोडून ठेवीन."